के-९ वज्रचा रिव्ह्यू, आणि नवीन एसपी गन पाहिजे का हा आमच्या गाडीतला वाद

मिक्सर झाला, स्कूटर झाली, कॉलेज रोडच्या तीन मिसळी झाल्या, आता तोफेचा रिव्ह्यू लिहितोय. हसू नका. मी फौजी नाही, सातपूर एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, दोन व्हीएमसी, तीन लेथ आणि एक रेडियल ड्रिल जे वयाने माझ्याहून मोठं आहे. पण नाशिककर आणि तोफ यांची ओळख करून द्यावी लागत नाही, देवळालीला फायरिंग लागलं की आमच्या मावशीच्या घरातल्या खिडक्यांच्या काचा वाजतात आणि पोळ्या लाटणारी मावशी मानसुद्धा वर करत नाही. त्यात आमचे मामा तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेले, बावीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी राजस्थानात वाळू खात, त्यामुळे घरात बारसं असो की दहावा, मामा बसले की विषय फिरून गनवर येतोच येतो.

तर देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत जानेवारीत तोपची नावाचं फायरिंगचं प्रात्यक्षिक असतं, मामांच्या ओळखीने आम्हाला पास मिळाले, मी, मामा आणि मामांचा मुलगा. हा मामेभाऊ पुण्यात आयटीत आहे आणि जगातल्या प्रत्येक रणगाड्याचं वजन त्याला तोंडपाठ. परत येताना लॅम रोडला लागलो आणि याने सुरू केलं, की वज्र आता जुनी झाली, मुळात कोरियाचं डिझाइन, आपण किती दिवस दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर तोफा बनवायच्या, आता आपली स्वतःची नवीन एसपी गन कोऱ्या कागदावरून डिझाइन केली पाहिजे. मामा खिडकीबाहेर बघत होते. मी गाडी चालवत होतो म्हणून तेव्हा नीट भांडता आलं नाही, ते इथे भांडतो.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. एसपी गन म्हणजे सेल्फ प्रोपेल्ड, तोफेला ओढायला ट्रक लागत नाही, ती स्वतःच चालते. के-९ वज्र ही दक्षिण कोरियाच्या के-९ थंडरची आपली आवृत्ती, तिकडची कंपनी हानव्हा, इकडे लार्सन टुब्रो, आणि कारखाना सुरतजवळ हजिऱ्याला. लांबून बघितली तर कोणीही रणगाडा म्हणेल, पट्ट्यांवर चालते, वर मोठा टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरुज, पण तिचं काम वेगळं. रणगाडा समोर दिसतं त्याला मारतो, ही डोंगरापलीकडचं मारते. बॅरल १५५ मिलिमीटर आणि ५२ कॅलिबर, म्हणजे १५५ ला ५२ ने गुणा, आठ मीटरच्या वर लांबी येते. एवढं लांब भोक सरळ पाडायचं, आतून रायफलिंग, म्हणजे गोळ्याला फिरकी देणाऱ्या खाचा, काढायचं, आणि ते शेकडो गोळे सोडल्यावरही सरळ राहिलं पाहिजे. मी दीड फुटाचं बोअर करताना रनआउटसाठी, म्हणजे भोक मध्यातून सरकू नये म्हणून, देव पाण्यात ठेवतो, त्यामुळे मला तरी तिथे हात जोडावेसे वाटले.

वजन ५० टनांच्या आसपास, म्हणजे टी-९० रणगाड्याहून जडच. इंजिन १००० हॉर्सपॉवर. आत पाच माणसं, ४८ गोळे. साधा लांब पल्ल्याचा गोळा टाकला तर ३८ ते ४० किलोमीटर. रेंजवर आम्ही बसलो होतो तिथून गन बऱ्याच लांब होत्या, आधी तोंडाशी जाळ दिसला, मग गन मागे दबून परत सावरली, आणि तेवढ्यात छातीवर कोणी हाताचा तळवा मारावा तसा आवाज आला. पंधरा सेकंदांत तीन गोळे सोडते असं वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि पहिल्या गोळ्याचा आवाज कानातून जायच्या आत तिसरा निघालेला बघणं वेगळं. शिवाय एकच गन तीन गोळे वेगवेगळ्या कोनात, वेगवेगळ्या चार्जने (म्हणजे गोळ्यामागच्या बारुदाने) सोडते आणि ते तिन्ही जवळपास एकाच वेळी जाऊन पडतात, एक उंचावरून फिरून, एक मधून, एक सपाट. समोरच्याला वाटावं तीन गन आहेत.

आणि मग ती थांबत नाही, हे महत्त्वाचं. उभी असेल तर अर्ध्या मिनिटात फायरला तयार, मारलं की लगेच जागा बदलायची. गोळा हवेत असतानाच शत्रूचं रडार हिशोब करून सांगतं की हा कुठून आला, आणि उत्तराचा गोळा तिथेच येतो. मामांच्या वेळी कॅटापुल्ट होती, रशियन १३० मिलिमीटरची एम-४६ तोफ विजयंता रणगाड्याच्या चासीवर बसवलेली, उघड्यावर उभं राहून काम, डोक्यावर एक छप्पर तेवढं. ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, संसदेवरच्या हल्ल्यानंतर फौज सीमेवर नेली तेव्हा, म्हणजे डिसेंबर २००१ पासून पुढचे कितीतरी महिने, मामा तिच्यावर वाळवंटात होते. वज्रचं मागचं दार बघून ते एवढंच म्हणाले, "दार लावता येतंय होय."

आता किंमत, कारण किमतीशिवाय रिव्ह्यू कसला. पहिल्या १०० गनचा करार मे २०१७ मध्ये झाला, साधारण ४,५०० कोटी. ९ नोव्हेंबर २०१८ ला आपल्या देवळालीतच त्या फौजेत आल्या, अमेरिकेच्या हलक्या एम-७७७ तोफांसोबत. पहिल्या दहा कोरियातून सुट्या येऊन इथे जोडल्या, बाकी ९० हजिऱ्यात बनल्या, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये शंभरावी बाहेर पडली, सरकारी खरेदीत हे असं वेळेत होणं म्हणजे नाशिकच्या रिंग रोडवर सगळे सिग्नल हिरवे मिळण्यासारखं आहे. मग २० डिसेंबर २०२४ ला आणखी १०० चा करार, ७,६२८ कोटी ७० लाख. म्हणजे गनमागे ७६ कोटी पडतात, अर्थात त्यात सुटे भाग वगैरे काय काय असणार, पण ढोबळ तेवढे. तुलनेला सांगतो, मार्च २०२५ मध्ये आपल्या एटॅग्सचा करार झाला, ती ओढून न्यायची तोफ, ३०७ गन आणि त्यांना ओढायला ३२७ गाड्या, सगळे मिळून ६,९०० कोटींच्या घरात, म्हणजे साडेबावीस कोटींना एक. एका वज्रच्या पैशात तीन एटॅग्स आणि वर सुट्टे.

मामेभावाचा मुद्दा इथून सुरू होतो, की बघ, एटॅग्स पुण्यात पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने डिझाइन केली, भारत फोर्ज आणि टाटाने बनवली, पोखरणला ४८ किलोमीटर गोळा टाकला, मग तीच गन उचलून आपल्याच चासीवर आपल्याच टरेटमध्ये बसवायला काय जातंय. ऐकायला बरोबर वाटतं. मलाही दोन मिनिटं वाटलं.

पण माझ्याकडे कोणी ड्रॉइंग घेऊन आलं की मी पहिला प्रश्न मटेरियलचा विचारत नाही, टॉलरन्सचा विचारत नाही, मी विचारतो क्वांटिटी किती. पन्नास नग असतील तर मी फिक्स्चर (नग पकडून ठेवायची खास चौकट) बनवत नाही, क्लॅम्प मारून काढून देतो आणि भाव दुप्पट लावतो. पाच हजार असतील तर फिक्स्चर, गेज, टूल सगळं बसतं आणि भाव खाली येतो. तोफेलाही हाच हिशोब लागतो. १९९९ मध्ये फौजेने तोफखान्याचा मोठा आराखडा केला होता, त्यात २,८०० च्या वर तोफा घ्यायच्या होत्या, त्यातल्या ओढायच्या १,५८०, ट्रकवरच्या ८१४, चाकांवरच्या चिलखती एसपी १८०, हलक्या १४५, आणि पट्ट्यांवरच्या एसपी किती, तर १००. शंभर! आता दुसरी ऑर्डर धरली तर दोनशे. उद्या अजून शंभर घेतल्या तरी तीनशे. एवढ्या आकड्यासाठी कोऱ्या कागदापासून हल (गाडीची खालची चिलखती पेटी), सस्पेन्शन, टरेट, गोळे भरायची सिस्टिम, फायर कंट्रोल, सगळं डिझाइन करायचं, प्रोटोटाइप करायचे, उन्हाळ्यात पोखरण, हिवाळ्यात लडाख अशा ट्रायल घ्यायच्या, आणि पंधरा वर्षांनी तीनशे नग काढून लाइन बंद करायची? माझ्याकडे असा कस्टमर आला तर मी त्याला चहा पाजून परत पाठवीन.

एकदा आपण हे करून बघितलंय पण. भीम नावाची एसपी गन होती, अर्जुन रणगाड्याची चासी आणि दक्षिण आफ्रिकेच्या डेनेल कंपनीचा टी-६ टरेट. चासी आपली, टरेट त्यांचा, जोडून ट्रायलपर्यंत गेलं, आणि २००५ मध्ये लाचेच्या आरोपांवरून डेनेलवर बंदी आली की भीम तिथेच बसली. त्याआधी बोफोर्सचं माहितीच आहे, १९८६ मध्ये ४१० गनचा करार, १९८७ मध्ये गदारोळ, आणि मग तीस वर्षं नवीन १५५ ची गन घ्यायला कोणाचा हातच पुढे होईना, नोव्हेंबर २०१६ मध्ये एम-७७७ चा करार झाला तेव्हा तो उपास सुटला. तेवढ्यात कारगिल होऊन गेलं, अडीच लाखांवर गोळे आणि रॉकेटं उडाली, बोफोर्सनेच तारून नेलं. गन चांगली होती, सही करणाऱ्यांचे हात थरथरत होते. मामांना हा विषय काढू देत नाही आम्ही, बीपी वाढतं.

बरं आपलंच असं होतं असंही नाही. पोलंडचं बघा, त्यांनी क्रॅब नावाची एसपी गन करायला घेतली, टरेट ब्रिटिश एएस-९० चा लायसन्सवर, चासी स्वतःची. चासीला तडे गेले. वर्षं गेली, पैसे गेले, शेवटी २०१४ मध्ये त्यांनी मुकाट्याने चासी कोणाची आणली तर याच कोरियन के-९ ची. आज युक्रेनमध्ये क्रॅबचं नाव निघतं ते वरच्या ब्रिटिश गनमुळे तेवढंच खालच्या कोरियन चासीमुळे. ज्याला वाटतं हल म्हणजे काय, पत्रे वेल्ड केलेली पेटी, त्याने एकदा ५० टनांच्या गाडीवरून फायर केल्यावर त्या पेटीतून काय झटका जातो ते रेंजवर उभं राहून बघावं.

अमेरिकेचं तर अजून गमतीशीर. त्यांची एम-१०९ ही एसपी गन १९६३ पासून चालू आहे, माझ्या रेडियल ड्रिलच्या वयाची. तिच्या जागी नवीन आणायला क्रुसेडर काढली, २००२ मध्ये रद्द. मग एक हलकी काढली, २००९ मध्ये तीही रद्द. मग एम-१०९ लाच ५८ कॅलिबरची लांबलचक बॅरल लावून ७० किलोमीटर मारायचा प्रयोग केला, ॲरिझोनाच्या वाळवंटात मारलाही, पण थोड्याच गोळ्यांत बॅरल झिजायला लागली, २०२४ मध्ये तेही गुंडाळलं. आणि मग दुसऱ्यांच्या तयार गन ट्रायलला बोलावल्या, त्यात हानव्हाला पण. ज्यांच्याकडे पैशाला तोटा नाही त्यांची ही गत.

मामेभाऊ म्हणतो म्हणजे आपण कधीच काही नवीन करायचं नाही का. असं कुठे म्हणतोय मी. माझं म्हणणं एवढंच की नवीन कुठे करायचं ते क्वांटिटी बघून ठरवा. ८१४ ट्रकवरच्या गन पाहिजेत ना, तिथे कोरा कागद घ्या. आणि ते काम आपल्या दाराशीच चाललंय, नगरच्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) व्हीआरडीई या डीआरडीओच्याच प्रयोगशाळेने एटॅग्सची गन आठ चाकी ट्रकवर बसवलीय, सगळं मिळून ३० टन. वज्रपेक्षा वीस टन हलकी, रस्त्याने स्वतः पळते, ट्रेलरवर चढवायची भानगड नाही, पुलांची काळजी कमी, आणि टायर फाटला तर बदलायला पट्ट्याइतका घाम निघत नाही. पुण्याच्या भारत फोर्जने तर चार चाकी ट्रकवर ३९ कॅलिबरची १८ टनांची गन केली, आणि १५५ मिलिमीटरच्या तोफांसाठी २०२२ मध्ये १५ कोटी डॉलरच्या वर एक्स्पोर्ट ऑर्डरही आणली. आपल्या डिझाइनची तोफ दुसरा देश पैसे मोजून घेतोय हे आमच्या लहानपणी सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

ब्रिटननेही आपल्या पट्टेवाल्या एएस-९० युक्रेनला देऊन टाकल्या आणि तात्पुरत्या म्हणून स्वीडनच्या चाकांवरच्या १४ आर्चर घेतल्या. ही आर्चर बघून मामांना फार हळहळ वाटली, कारण ती बोफोर्सचीच लेक. एफएच-७७ ची गन, व्होल्वोच्या डंपरवर. तीन-चार माणसं केबिनमध्ये बसतात, मागे एकवीस गोळ्यांचं मॅगझिन, बाहेर उतरायचंच नाही, सगळं मशीन भरतं. आमच्याकडे बोफोर्सचा तमाशा झाला नसता तर त्या खानदानात आपण आज कुठे असतो, हा विषय पुन्हा बीपीचा.

तरी वाळवंटात रणगाड्यांच्या मागे पळायला चाकं पुरत नाहीत, तिथे पट्टाच पाहिजे, आणि वर ड्रोन घिरट्या घालत असताना ट्रकच्या उघड्या बाजूला उभं राहून गोळा भरायला कोणालाच आवडणार नाही. चिलखताच्या आत बसण्याचा तो फायदा आहेच. युक्रेनने एक शिकवलं की गन पत्र्याची असो की चिलखताची, दिसली की ड्रोन येतोच, लॅन्सेटसारख्या ड्रोनने चांगल्या चांगल्या महागड्या एसपी गन फोडल्या. फरक एवढाच की आतली माणसं कधीकधी चालत बाहेर येतात. मामांच्या हिशोबात तो फरक ७६ कोटींहून मोठा आहे आणि इथे माझा क्वांटिटीचा हिशोब मी गप्प खिशात घालतो.

म्हणून वज्र राहू द्या आणि तीच सुधारत न्या. कोरियाने हेच केलंय. १९८९ मध्ये डिझाइन सुरू, १९९९ मध्ये फौजेत, नोव्हेंबर २०१० मध्ये येओनप्योंग बेटावर उत्तर कोरियाने गोळे टाकले तेव्हा याच के-९ ने उत्तर दिलं, तेही काही गन बिघडलेल्या असताना, आणि त्यानंतर त्यांनी गन टाकून दिली नाही, तिची ए-१ केली, मग ए-२ करायला घेतली, ज्यात भरणं पूर्ण ऑटोमॅटिक आणि माणसं पाचाऐवजी तीन. दरम्यान तुर्की, फिनलंड, नॉर्वे, एस्टोनिया, पोलंड, ऑस्ट्रेलिया, इजिप्त, रुमानिया सगळ्यांना विकली. एकच डिझाइन धरून घासत राहिले. आपल्याकडे एका मोठ्या कस्टमरने (नाव नाही सांगत, पोट आहे) माझ्या एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग वर्षात चारदा बदललं, दर वेळी फिक्स्चर भंगारात, दर वेळी पहिल्या पीसची तपासणी नव्याने, आणि चौथ्या रिव्हिजनला जे आलं ते पहिल्यासारखंच होतं, दोन होल इकडची तिकडे. एका ब्रॅकेटला मी एवढा रडलो, वज्रमध्ये तेरा हजारांवर प्रकारचे भाग आहेत आणि ते गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूतल्या छोट्या-मोठ्या वर्कशॉपमधून येतात. एवढी साखळी जमायला वर्षं लागतात. मधे २०२१ ते २०२४ ऑर्डर नव्हती तेव्हा त्या लोकांनी लाइन कशी जिवंत ठेवली असेल हा विचार माझ्यासारख्यालाच पडतो, पेपरात येत नाही.

आता स्टार कापायचं बघू. इंजिन जर्मन एमटीयूचं, ट्रान्समिशन अमेरिकेच्या ॲलिसनचं, कोरियात लायसन्सवर बनतं. म्हणजे आपण ज्याला मेक इन इंडिया म्हणतो तिचं काळीज तिसऱ्याच्या परवानगीवर धडधडतं. जर्मनीची परवानगी हा साधा कागद नाही, कुठल्या देशाला विकायचं यावर ते अडून बसतात, म्हणून तर कोरियाने एसटीएक्सकडून स्वतःचं १००० हॉर्सपॉवरचं इंजिन करून घेतलं. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये म्हैसूरला बीईएमएलमध्ये १५०० हॉर्सपॉवरच्या रणगाड्याच्या इंजिनाचं पहिलं टेस्ट फायरिंग झालं, चांगली गोष्ट आहे, पण टेस्ट बेडवरून गाडीत यायला अजून चालायचंय. मामेभावाला मी म्हटलं, तुला कोरा कागद पाहिजे ना, इथे घे. टरेटचं थ्रीडी मॉडेल पोस्ट केलं की हजार लाइक येतात, गिअरबॉक्सच्या केसिंगला कोणी लाइक करत नाही, पण नवीन टरेट केला आणि खाली तेच जर्मन इंजिन ठेवलं तर तू नक्की काय स्वदेशी केलंस?

दुसरी गोष्ट लडाखची. वज्र घेतली वाळवंटासाठी, ट्रायल वाळवंटात, आणि २०२१ मध्ये चीनचं प्रकरण तापल्यावर तिची रेजिमेंट वर लडाखला गेली. तिथे हवा विरळ, गोळा लांब जातो, ते छान, पण इंजिनचा दम कमी होतो, बॅटरी, तेल, ग्रीस सगळं थंडीने आखडतं, मग त्यासाठी वेगळं किट बसवलं. चालली. नॉर्वे-फिनलंडच्या बर्फात चालते म्हणजे गाडीत मुळात दोष नाही, आपण ऑर्डर देताना ते मागितलं नव्हतं. तरी ५० टन त्या रस्त्यांवर सगळीकडे नेता येणार नाही हे सांगायला रणनीतीतज्ज्ञ नको, ज्याने एकदा त्या बाजूला बाइक ट्रिप केलीय तो सांगेल.

आणि गोळे. याच्यावर कोणी भांडत नाही कारण गोळा दिसायला कंटाळवाणा. एक १५५ चा गोळा साधारण ४५ किलो. वज्रमध्ये ४८ बसतात, जोरात मारले तर दहा-बारा मिनिटांत गाडी रिकामी. मग? कोरियाकडे त्यासाठी के-१० म्हणून वेगळी गाडी आहे, तशीच चासी, मागून येऊन टरेटला चिकटते आणि पट्ट्यावरून गोळे आत सरकवते. युरोपने २०२३ मध्ये युक्रेनला वर्षात दहा लाख गोळे द्यायचं कबूल केलं आणि मुदतीपर्यंत जेमतेम अर्धे जमले. अमेरिका लढाईआधी महिन्याला १४ हजार बनवत होती. जर्मनीची पीझेडएच २००० तर जगातली एक नंबर म्हणायचे, युक्रेनला जून २०२२ मध्ये गेल्या आणि महिन्याभरात दिवसाला इतके गोळे मारून मारून दुरुस्तीला लागल्या. लढाईत डिझाइनच्या आधी गोळे आणि बॅरल संपतात. आपल्याकडे हे काम बरंचसं महाराष्ट्रातच आहे, गोळ्याचं लोखंडी अंग अंबाझरीला, बारूद भंडाऱ्याला, भरणं चांद्याला, आणि म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीचं हेडऑफिस पुण्याला. नवीन एसपी गनवर जे काय हजारो कोटी घालायचेत त्यातले निम्मे या कारखान्यांच्या मशिनरीवर आणि तिथल्या कामगारांच्या सेफ्टीवर घाला, मी वज्रला अर्धा स्टार वाढवून देतो.

तर माझे पाचपैकी चार. अर्धा इंजिनाला कापला, अर्धा या गोष्टीला की आत अजून हाताने काम आहे. ते कसं कळलं ते सांगतो. फायरिंग संपल्यावर गन बघायला सोडतात तिथे वज्रचं मागचं दार उघडं होतं, आत जाऊ देत नव्हते पण डोकावता येत होतं. ग्रीस आणि जळक्या बारुदाचा वास, पांढरा रंग, सगळीकडे हँडल आणि होज, बसायच्या जागा इतक्या लहान की माझ्यासारख्याने आत शिरायच्या आधी महिनाभर वडापाव सोडावा. एक तरुण जवान उभा होता, सांगलीकडचा निघाला. मामेभावाने त्याला फायर कंट्रोलबद्दल, थर्मलबद्दल बरंच विचारलं, पोरगा नम्रपणे जेवढं सांगायचं तेवढंच सांगत होता. मामा मधेच पुढे सरकले, ब्रीचकडे, म्हणजे बॅरलच्या मागच्या तोंडाकडे, बोट केलं आणि विचारलं, "गोळा मशीन सरकवतं, बरोबर. आणि मागचा चार्ज?"

"तो हातानेच, साहेब. लोडर टाकतो."

मामांनी मान हलवली, डावा हात वर केला, त्याच्या करंगळीचं वरचं पेर नाहीये, ते कॅटापुल्टच्या काळात गेलं, आम्हाला लहानपणी त्याच्या दहा वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्यात. पोराने बोट बघितलं, मामांकडे बघितलं, आणि न सांगता स्वतःची बोटं आवळली. "म्हणजे अजून आमच्या जोगी नोकरी आहे आत," मामा म्हणाले आणि चप्पल झाडत गाडीकडे निघाले.